गुरुवार, पाचवा तास

आठवी ब मधल्या एका मुलीची आई शाळेचे आभार मानायला आली आणि त्यामुळे वर्देसरांची चूक उघडकीला आली. मुलुंड पूर्वेच्या त्या शाळेत पालक आभार मानायला सहसा येत नसत, म्हणून मुख्याध्यापिका देवस्थळीबाईंनी आधी जरा संशयानंच खुर्ची पुढे केली. त्या आईचं म्हणणं असं होतं, की गुरुवारी पाचव्या तासाला मुलांना ध्यानाला बसवायची पद्धत शाळेनं यंदा सुरू केली आहे ती फार स्तुत्य आहे. मुलगी घरीसुद्धा पूर्वीपेक्षा शांत झाली आहे, धाकट्याला मारत नाही, आणि हाच प्रयोग सोमवारीही करता आला तर बघावं. देवस्थळीबाई "हो, हो, यंदापासूनच" म्हणाल्या, त्यांनी चहा पाजला, बाईंना वाटेला लावलं आणि मधल्या सुट्टीची घंटा होताच सीताराम शिपायाला पाठवून वर्देसरांना बोलावून घेतलं.

"वर्देसर, गुरुवारी पाचव्याला आठवी ब वर कोण आहे?"

शाळेचं वेळापत्रक वर्देसर एकोणीस वर्षं करत होते. अठरा तुकड्या, चौतीस शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि मैदान म्हणून दाखवण्यात येणारी एक गल्ली, एवढं सगळं पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या चौकोनांत असं बसवायचं, की कोणी एकाच वेळी दोन वर्गांत असू नये आणि कोणताही वर्ग शिक्षकावाचून असू नये. दर मे महिन्यात ते घरी जमिनीवर मोठा कार्डशीट पसरत, पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर आद्याक्षरं घालत आणि टाचण्यांनी लावत-काढत बसत. जूनपर्यंत सगळं पाठ झालेलं असे. झोपेतून उठवून विचारलं तरी नववी क, मंगळवार, दुसरा तास, भूगोल, हे ते सांगू शकत. एकदा त्यांच्या बायकोनं, प्रभानं, खरंच झोपेतून उठवून विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं, आणि ती पदर तोंडात कोंबून हसत बसली होती. आज मात्र नाव जिभेवर यायच्या जागी काहीच आलं नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसं झालं.

"कोणीच नाही," देवस्थळीबाई म्हणाल्या. "मी बघितलं. चौकोन कोरा आहे. तीन गुरुवार बासष्ट पोरं पस्तीस मिनिटं नुसती बसून होती. आज चौथा."

"गडबड झाली असती तर कळलं असतं."

"म्हणून तर नाही केली त्यांनी. मी विचारलं ना वर्गप्रमुखाला. म्हणते कशी, बाई, आवाज केला की कोणीतरी शिकवायला येतं." देवस्थळीबाईंना हसू आलं आणि मग समोर कोण बसलंय ते आठवून त्यांनी ते आवरलं. "अहो, होतं असं. तुमच्यावर प्रसंगच तसा आला. फेब्रुवारीत वहिनी गेल्या, आणि मेमध्ये तुम्ही हे करत बसलात. मीच म्हणायला हवं होतं, की यंदा दुसऱ्या कोणाला तरी देऊ या. दीड वर्षं काय केलंत तुम्ही त्यांचं, सगळ्या स्टाफनं बघितलंय. पाचव्याची घंटा झाली, की वर्देसर गेटबाहेर. एक दिवस चुकवला नाहीत. आमच्या ह्यांना मी तुमचं उदाहरण देते. त्यांना नाही आवडत."

"आज मी जातो वर्गावर," वर्देसर म्हणाले. देवस्थळीबाईंच्या कौतुकातून उठून जायला एवढं एकच कारण त्यांना सुचलं.

ते जिन्यानं वर गेले. मधली सुट्टी संपत होती, पोरं डबे आपटत वर्गांत शिरत होती, आणि व्हरांड्यात लिंबाच्या लोणच्याचा आणि ओल्या कपड्यांचा वास होता. चौकोन कोरा कसा राहिला, याचा विचार करावा असं त्यांना वाटत नव्हतं, कारण उत्तर समोरच होतं. फक्त त्याच्याकडे बघायचं बाकी होतं. प्रभाच्या आजारपणाची दीड वर्षं त्यांनी सगळ्या शाळेचं वेळापत्रक एका गोष्टीभोवती विणलं होतं. आठवड्याच्या सगळ्या दिवशी पाचवा तास, तीन दहा ते तीन पंचेचाळीस, पर्यवेक्षक श्यामकांत वर्दे यांना ऑफ. त्यासाठी शास्त्राच्या माणसाला शाळा भरायच्या आधी सकाळीच प्रयोगशाळेत लोटावं लागलं, चित्रकलेच्या बाईंना दोन तुकड्या एकत्र घ्याव्या लागल्या. कोणी कुरकूर केली नाही, कारण हे कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत प्रभाला झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं अर्धं गेलं. सकाळी बारापर्यंत वर्दे स्वतः घरी असत. बारा ते तीन तिच्यासाठी कामाला ठेवलेल्या वनमालाबाई बसत. तीन ते चार वनमालाबाईंना समोरच्या इमारतीतल्या पाळणाघरात मुलांसाठी खाणं करायला जावं लागे. चारला त्या परत येत आणि सर येईपर्यंत थांबत. म्हणजे तीन ते चार हा एक तास मोकळा राहत होता, आणि वर्देसरांच्या कारकिर्दीत कोणताही चौकोन मोकळा राहिलेला नव्हता.

घरासाठी त्यांनी वेगळा कार्डशीट केला. डोक्यावर ठळक अक्षरांत 'रत्नप्रभा : दिनक्रम'. चहा सहा दहा, अंग पुसणं सहा चाळीस, औषध, मालीश, रेडिओ, झोप. वनमालाबाईंचे चौकोन हिरव्या शाईनं, स्वतःचे लाल शाईनं. तीन दहाच्या ओळीत सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सरळ पाच वेळा 'श्या.' आणि शनिवारी शाळा सकाळची म्हणून पूर्ण दुपारच 'श्या.' तो कार्डशीट तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावला, म्हणजे पुढं कोण येणार ते तिला पडल्यापडल्या दिसावं. लावून झाल्यावर त्यांनी मागं सरून पाहिलं, आणि त्यांना, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. एवढ्या मोठ्या संकटाचे सगळे चौकोन भरले होते. अनुपमा, त्यांची मुलगी, बोरिवलीहून रविवारी यायची. तिनं तो बघितला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. कौतुकानं रडली असेल, असं त्यांनी तेव्हा धरून चाललं.

आठवी ब च्या दारापाशी ते थांबले. पाचव्याची घंटा झाली होती. आत बासष्ट मुलं बसली होती. कोणी डोळे मिटलेले नव्हते. एक मुलगी वेणी सोडून पुन्हा घालत होती, खिडकीशी एक जण बोटानं बाकावर काहीतरी गिरवत होता, आणि सगळ्यांचे चेहरे असे होते, की वर्देसरांना तसे चेहरे शाळेत पाहिल्याचं आठवेना. ते भ्यालेले नव्हते की कंटाळलेलेही नव्हते. कोणाचंही काहीही देणं नसावं तसे ते बसले होते. पर्यवेक्षकानं खडू घेऊन आत जायचं आणि बीजगणिताला सुरुवात करायची, एवढंच करायचं होतं. त्यांनी चप्पल न वाजवता पाय मागे घेतला, जिना उतरला आणि ते गेटबाहेर पडले. सीतारामनं सवयीनं गेट उघडून धरलं. "घरी काय सर?" असं म्हणून मग त्यानं जीभ चावली.

शाळेपासून घर नऊ मिनिटांवर. जायला नऊ, यायला नऊ, पस्तिसातून अठरा गेले, म्हणजे घरात सतरा मिनिटं. हा हिशेब पहिल्याच दिवशी करून झाला होता. सतरा मिनिटांत चहा गाळून तिच्या तोंडाला लावणं, उशी बदलणं, तिला डाव्या कुशीवर वळवणं हे नीट बसत असे. बसत नसे ते तिचं बोलणं. झटक्यानंतर प्रभाच्या तोंडातून शब्द यायचे, पण एकेक, आणि मध्ये इतकं अंतर ठेवून, की पुढचा येईपर्यंत मागचा विसरायला व्हावा. "त्या... दिवशी..." असं ती म्हणे आणि डोळे वर लावून पुढचा शब्द शोधे. तो शोध बघवत नसे. वर्देसर तिच्या वतीनं शब्द सुचवत: "कुठल्या, काल? अनु आली त्या दिवशी? डॉक्टरांकडे गेलो त्या?" ती मान हलवून नाही म्हणे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. "त्या... दिवशी... आपण..." आणि तेवढ्यात तीन छत्तीस होत. ते घड्याळ बघत नसत. तेवढं त्यांना कळत होतं. पण न बघतासुद्धा तीन छत्तीस झाले की माणूस एका विशिष्ट पद्धतीनं बसतो. मग ती म्हणे, "जा." तो एक शब्द मात्र तिला कधी शोधावा लागला नाही.

पहिला गुरुवार चुकला त्यात त्यांचा काही दोष नव्हता. एका मुलाचे वडील गेटपाशी अडवून गुणपत्रिकेबद्दल बोलत राहिले, आणि सुटका झाली तेव्हा तीन सव्वीस झाले होते. घरी पोचणार तीन पस्तीसला, निघणार तीन छत्तीसला. एका मिनिटासाठी जायचं म्हणजे तिला उगाच उठवायचं. हा विचार तर्कशुद्ध होता. तेव्हा ते डावीकडे घराच्या दिशेनं न वळता उजवीकडे वळले आणि चालत मिठागरापर्यंत गेले. तिथं शेवटच्या इमारतीनंतर रस्ता संपतो आणि बांध सुरू होतात. ते बांधावर बसले. समोर पाणी होतं, पलीकडे खाडी, मध्ये एक माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून काहीतरी करत होता आणि त्याला कसली घाई नव्हती. वर्देसर काही न करता बसले. पुढच्या गुरुवारी कोणीही गेटपाशी अडवलं नाही, तरी ते उजवीकडे वळले. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार ते इमानानं घरी जात. गुरुवारी मिठागरावर. असे सव्वीस गुरुवार. डिसेंबरनंतर तिथं मिठाचे पांढरे ढीग लागायला लागले, आणि वाऱ्यानं ओठांवर खारट चव येई. परत येताना ते ओठ रुमालानं पुसत. जणू त्यावरून कोणी ओळखलं असतं. एकदा त्यांनी पाच पैशांच्या नव्हे, चांगल्या पन्नास पैशांच्या शेंगा घेऊन खाल्ल्या. त्या दिवशी आपल्याला बरं वाटलं, हे त्यांना संध्याकाळी प्रभाचं अंग पुसताना आठवलं, आणि पाणी फार गरम आहे असं म्हणून ते उगाच बादली घेऊन मोरीत गेले.

तिनं कधी विचारलं नाही. संध्याकाळी ते "काय गं, बरी आहेस?" म्हणत, ती मान हलवी. डॉक्टर म्हणाले होते, की अशा रुग्णांना दिवसावाराचं भान हळूहळू कमी होतं. हे वाक्य डॉक्टरांनी वाईट बातमी म्हणून सांगितलं होतं. वर्देसरांनी ते जपून ठेवलं होतं. तिला वार कळत नाहीत. तिच्या दृष्टीनं ते रोज येतात. आज आले की काल, तिला काय फरक पडतो. मग फेब्रुवारीत ती गेली, तीही रविवारी सकाळी पावणेनऊला, अनुपमा उशाशी, वर्देसर पायाशी, वनमालाबाई दारात, म्हणजे सगळे चौकोन भरलेले असताना. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, सगळे जवळ होते. आणि मेमध्ये वर्देसरांनी नवं वेळापत्रक केलं. पाचव्या तासाला घरी जायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून तिथं त्यांनी आठवी ब वर स्वतःचं बीजगणित टाकलं. सोमवार 'श्या.', मंगळवार 'श्या.', बुधवार 'श्या.', गुरुवारवर हात आला आणि पुढे शुक्रवारवर गेला. डोक्याला नाही कळलं. हाताला ठाऊक होतं, की गुरुवारी पाचव्याला श्यामकांत वर्दे कुठंच नसतात.

तर चूक ही नव्हतीच. आणि हात जर इतका पक्का हिशेब ठेवत असेल, तर दिवसभर भिंतीवरच्या त्या पाच लाल अक्षरांकडे बघत पडलेल्या बाईनं तो ठेवला नसेल? हा प्रश्न व्हरांड्यात असताना त्यांना शिवला होता. आता आपल्या इमारतीखाली येऊन उभे राहिल्यावर तो सरळ समोर आला. प्रभाला कळत होतं का? एवढंच कळायला हवं होतं. कळत नसेल, तर सव्वीस गुरुवार त्यांचे एकट्याचे होते आणि एकट्यानं वागवता आले असते. वर जाण्यात अर्थ नव्हता. वर कुलूप होतं आणि किल्ली शाळेच्या खणात. ते रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत तळमजल्यावर पाळणाघराच्या दाराशी गेले.

वनमालाबाई आतल्या ओट्याशी उपमा ढवळत होत्या. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आठ-दहा मुलं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. वनमालाबाई मालवणकडच्या, नवऱ्याची गिरणी ब्याऐंशीच्या संपात गेली तेव्हापासून त्या हाती येईल ते काम करत होत्या, आणि त्यांचा स्वभाव असा होता की कामंच त्यांना शोधत येत.

"सर? अवेळी?" त्या दचकून म्हणाल्या आणि लगेच बोट ओठांवर ठेवलं. "हळू बोला हां. पोरां निजलीत. आताच डोळो लागलो सगळ्यांचो. काय झाला? बरा नाय वाटत? बसा त्या स्टुलावर."

वर्देसर लहान मुलांच्या स्टुलावर बसले. गुडघे छातीशी आले. "काही नाही. सहज आलो," ते कुजबुजले. पर्यवेक्षकाला कुजबुजायची सवय नव्हती. "वनमालाबाई, एक विचारायचं होतं. हिला... शेवटी शेवटी, वार वगैरे कळत होते का?"

"कुणाक, वैनीक?" वनमालाबाईंनी झारा कढईच्या काठावर आपटायला उचलला आणि मुलं आठवून हळूच ठेवला. "अवो, माकाच त्या सांगायच्या आज काय वार तो. माका खंय लक्षात ऱ्हवता? सोमवार, मंगळवार बोटार मोजून दाखवायच्या. आणि गुरवार तर काय इचारूच नकात."

"गुरुवारी काय?"

"आता तुमका काय सांगायचा, तुमका म्हायत नाय?" वनमालाबाई हसल्या. त्या हसण्यात थोडी चेष्टा होती, नव्या जोडप्याची करतात तशी. "गुरवारी माका अडीचाकच घालवन द्यायच्या. जा, म्हणायच्या. पयल्यांदा मी म्हटलंय, वैनी, तीन खंय वाजले? तर म्हणतत, सर... लवकर... येतत. गुरवारी सरांका शाळेत काम कमी, म्हणान लवकर येतत, लय वेळ बसतत. थर्मासात चाय आणि दोन कप उशाकडे ठेवन जायचा. तुमच्या हातचो चाय वैनीक आवडा नाय ना, खरा सांगू? पातळ करतात तुम्ही."

वर्देसरांनी मनातल्या मनात चौकोन मोजले. अडीच ते चार. त्यांच्या वेळापत्रकात तिनं परस्पर बदल करून घेतला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. अडीच ते चार, दीड तास, अर्धं अंग मेलेली बाई एकटी घरात.

"मी चाराक येयसर दोनय कप रिकामे," वनमालाबाई सांगत होत्या. "माका मेलीक इतक्या बरा वाटायचा. आमच्या घोवान कधी माझ्याबरोबर बसान चाय घेतल्यान नाय. मी घरी जावन त्याका सांगायचंय, त्या सरांका बघ, बायको अंथरुणार, तरी गुरवारचो चाय चुकवत नाय. गुरवारी वैनी खूश असायच्या हां. तोंडार वेगळाच तेज."

डाव्या हातानं थर्मासचं झाकण फिरवायला तिला किती वेळ लागत असेल, ते वर्देसर बघू लागले. त्यांना ते स्पष्ट दिसत होतं. झाकण छातीवर धरून, बोटांनी थोडं थोडं. मग एका कपात. मग दुसऱ्या कपात. दोन्ही तीच पिणार, सांडत, थांबत, कारण चारला वनमाला येणार आणि कप भरलेला सापडला तर सर आले नव्हते हे कळणार. नवऱ्याची लाज राखायला एक बाई दोन कप चहा पिते. किंवा कोण जाणे. खूश असायच्या, असं ही म्हणते. आंघोळ कुणाची, औषध कुणाचं, कूस कोण वळवणार, सगळं भिंतीवर दोन शाईंत लिहिलेलं. आठवड्यात हा एकच दीड तास असा, की ज्यात कोणी तिच्या तोंडाकडे शब्दाची वाट बघत बसत नव्हतं. कदाचित तिला वनमालाही नको होती, तेही नको होते. कदाचित दोन्ही कप तिनं आपल्यासाठीच ठेवून घेतले होते. दोन्हीपैकी कोणतं खरं, हे सांगणारी एकच व्यक्ती होती आणि तिला सांगायला वेळ लागत असे. मिठागरावर बसलेले असताना आपण एकटेच पळून आलो आहोत, असं सव्वीस वेळा त्यांना वाटलं होतं. तेवढंही आता खात्रीचं राहिलं नव्हतं.

सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं. वनमालाबाई, मी गुरुवारी येत नव्हतो. चार शब्द होते, आणि त्यांच्या बोलण्यात काही बिघाड नव्हता. पण सांगितलं असतं, तर प्रभानं खोटं बोलून, डाव्या हातानं, सांडत सांडत जे काही उभं केलं होतं, ते त्यांनी या पाळणाघरात एका मिनिटात पाडलं असतं. आणि ते त्यांचं नव्हतं. तिनं केलेलं होतं.

एक मूल झोपेत कुरकुरलं. वनमालाबाई जाऊन त्याला थोपटून आल्या, गॅस बारीक केला, उपम्यावर झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसत त्यांच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसल्या.

"सर, रागवा नका, पण एक इचारू? लय दिवसांपासून मनात आसा. वैनीक एक वाक्य बोलाक किती वेळ लागायचो. आणि तुम्ही गुरवारी दोघांच इतको वेळ. काय बोलायच्या हो त्या तुमच्याकडे?"

"बोलायची," वर्देसर म्हणाले. खोटं बोलायचं ठरवल्यावर ते इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "सावकाश बोलायची. मी ऐकत बसायचो."

"तेच तर. पण काय म्हणायच्या?"

"ती म्हणायची..."

त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य शोधायला लागले. काहीही चाललं असतं, वनमालाबाई काय पडताळून बघणार होत्या? पण खोटं लावायला तरी आधी तिचं एखादं खरं वाक्य हवं होतं, तिच्या नव्या, तुटक्या आवाजातलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेलेलं, निदान एक. त्या दिवशी. त्या दिवशी आपण. ते दीड वर्ष मागे गेले, सोमवार बघितले, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, सगळे इमानानं हजर राहिलेले दिवस एकेक करून उघडून पाहिले. त्या दिवशी आपण, आणि पुढं प्रत्येक ठिकाणी त्यांचा स्वतःचाच आवाज होता, मदत करणारा. त्या दिवशी ते दोघं कुठं गेले होते, काय झालं होतं, तिला त्यातलं काय इतकं सांगायचं होतं?

"ती म्हणायची..." ते पुन्हा म्हणाले, डोळे वर छताकडे लावून.

सरांचा गळा भरून आलाय असं वनमालाबाईंना वाटलं. त्यांनी शब्द सुचवला नाही, घाई केली नाही. मांडीवर हात ठेवून, मुलं झोपलेली असेपर्यंत, त्या ऐकत बसल्या.